तीस टक्के माणूस

डावीकडे माणसांची नावं, वरती आठवडे आणि मधल्या चौकोनांत टक्के, असं एक एक्सेलचं शीट मी गेली सहा वर्षं सांभाळतेय. कोण कुठल्या प्रोजेक्टवर किती, हे ठरवणं माझं काम, म्हणजे कागदोपत्री माझं, प्रत्यक्षात ज्याचा आवाज मोठा त्याचं. बेरीज १०० च्या वर गेली की चौकोन लाल व्हावा अशी सोय मीच करून ठेवलेली, आणि आमच्या डीबीएंची, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांची, ओळ इतके महिने लाल होती की मला तो रंग दिसेनासाच झाला होता. ३०, ३०, २०, २०, १०. पाच प्रोजेक्ट, पाच मॅनेजर आणि डेटाबेसच्या पोटात शिरू शकणारा माणूस एकच.

एक दिवस डीबीए माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले, आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, "मला एक सांग, हे २० टक्के म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस, की रोज एक तास छत्तीस मिनिटं?"

मी म्हटलं, "तुम्हाला जसं जमेल तसं."

"माझ्या जमण्याचं सोड गं. पाचही जणांना वाटतं की त्यांचे टक्के सकाळी दहाला सुरू होतात."

बेरीज ११० होतेय, त्यातले वरचे १० कुठून आणायचे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ते १० ते रोज रात्री घरी नेत होते.

मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, आणि हळूहळू लक्षात आलं की टक्के लिहिणं ही माझी पळवाट होती. मॅनेजर येतो, माणूस मागतो. त्याला 'नाही' म्हटलं तर तो वरती तक्रार घेऊन जाणार, 'सहा आठवडे थांबा' म्हटलं तर तोंड पाडणार, पण '२० टक्के देते' म्हटलं की थँक्यू म्हणतो आणि निघून जातो, विषय संपला. असे पाचही जण खुश होऊन गेले आणि मला वाटलं मी वाटप केलं. कसलं वाटप! 'आज नाही' हे कुणालातरी रोज सांगावं लागणारच होतं, ते मी सांगितलं नाही म्हणून टळलं नाही, ते रोज सकाळी पाचातल्या चौघांना डीबीए सांगत होते, आणि शिव्या पण तेच खात होते. मी मात्र सगळ्यांची लाडकी.

मग मी त्यांना म्हटलं, एक दिवस नुसतं लिहून ठेवा, काय काय केलंत ते. मला वाटलं नाही ते लिहितील, पण त्यांनी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर एक मंगळवार लिहून आणला. बारीक अक्षर, कुठेही तक्रार नाही. साधारण असं:

१०.०५ पहिल्याची स्लो क्वेरी उघडली. १०.२० दुसऱ्याचा फोन, रिपोर्ट अडकलाय. १०.४० रिपोर्ट सुटला. १०.४० ते ११.०० पहिल्यात कुठे होतो ते शोधणे. ११.०० तिसऱ्याचा कॉल, माझं काम नव्हतं पण बसलो. ११.४५ ते १२.०५ कुठे होतो ते शोधणे.

असं खाली खाली. 'कुठे होतो ते शोधणे' ही ओळ त्या पानावर चार वेळा होती, बेरीज केली तर एक तास वीस मिनिटं. आणि पहिल्याची ती सकाळी १०.०५ ला उघडलेली क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारा प्रश्न) संध्याकाळी सव्वापाचला परत उघडली होती, समोर कंसात लिहिलं होतं, 'उद्या'. ज्यांनी हे काम केलंय त्यांना हे 'शोधणे' म्हणजे काय ते सांगायला नको. डेटाबेसमधली सात टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, एकमेकांना कशी जोडलीयत, कुठला इंडेक्स टाकून पाहिला, कुठला टाकून काढला, कुठल्या आकड्यावर संशय होता, हे सगळं डोक्यात उभं करायलाच वीस मिनिटं जातात आणि एका फोनने ते पत्त्यांसारखं कोसळतं. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ना, त्या चिंध्या मी शीटमध्ये रंगीत करून, सुबक बॉर्डर मारून मांडत होते. 'शोधणे' या कामाला माझ्याकडे कॉलमच नव्हता.

मग एक हिशोब कागदावर मांडून पाहिला, अगदी बाळबोध. समजा तीन कामं आहेत, प्रत्येकी चार आठवड्यांची, आणि करणारा एकच. एक संपवून दुसरं घेतलं तर कामं संपतात चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला. तेच जर आलटून पालटून केलं, एक आठवडा ह्याचा, एक त्याचा, एक तिसऱ्याचा, तर संपतात दहाव्या, अकराव्या आणि बाराव्याला. म्हणजे पहिल्याचे सहा आठवडे गेले, दुसऱ्याचे तीन गेले, आणि तिसऱ्याला काय मिळालं तर काहीच नाही, तो तसाही बाराव्यालाच संपणार होता! आणि ह्यात 'कुठे होतो ते शोधणे' धरलेलंच नाही, ते धरलं की तिघेही आणखी मागे.

हा कागद घेऊन मी मोठ्या उत्साहाने मॅनेजर लोकांकडे गेले, वाटलं आता सगळ्यांचे डोळे उघडणार. सगळ्यांनी कागद नीट पाहिला, मान डोलावली, आणि पाचही जण म्हणाले, बरोबर आहे, मग मी पहिला.

हसू येतं, पण त्यातल्या एकाने नंतर बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला अजून महत्त्वाचं वाटतं. तो म्हणाला, मला कळतंय माझा बारावा आठवडा बदलत नाही, पण आत्ता निदान माझं काम सुरू आहे असं मी सांगू तरी शकतो, थांबलो आणि मध्येच सहावा कुणी आला तर माझा नंबर राहील ह्याची गॅरंटी कोण देणार, तू? मी गप्प बसले कारण तोपर्यंत तशी गॅरंटी मी कधीच कुणाला दिली नव्हती, उलट दोनदा त्याचाच नंबर मी खाली सरकवला होता. ज्या रांगेवर भरवसा नाही तिथे शहाणा माणूस पिशवी टाकून जागा धरतो, तसे हे २० टक्के म्हणजे पिशवी होती. आता हा काय मूर्खपणा म्हणायचा?

रांगेवरून आठवलं. ह्या रांगांचं गणित टेलिफोनच्या जमान्यातलं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, फोन येतात कधीही, लाइनी मोजक्या, तर लोकांना किती थांबावं लागेल, ह्या प्रश्नाच्या मागे तो लागला आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला लेख आला. त्यातून पुढे जे शास्त्र उभं राहिलं त्यातलं अगदी साधं मॉडेल घ्या, कामं कधीही येतात, कमीजास्त वेळ खातात, हाताळणारा एकच. तो ५० टक्के वेळ कामात असेल तर नवीन कामाला सरासरी एका कामाइतका वेळ रांगेत थांबावं लागतं. ८० टक्के असेल तर चार कामांइतका. ९० ला नऊ. ९५ ला एकोणीस. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आकडे दोनदा तपासले होते, कारण ९० वरून ९५ म्हणजे शीटमध्ये एका चौकोनात पाचाची भर, कोण लक्ष देतं, आणि तिकडे रांग दुपटीहून लांब. १०० ला तर गणित हातच टेकतं, रांग वाढतच जाते.

आमचं ११० होतं.

आणि तरी वरच्या मीटिंगमध्ये प्रश्न कायम उलटाच यायचा, अमुक माणूस ८० टक्केच का भरलाय, उरलेले २० वाया जातायत ना? त्यांना रिकामा माणूस दिसतो, रखडलेलं काम दिसत नाही, कारण थांबलेलं काम खुर्चीत बसून जांभया देत नाही. मी एकदा ह्यावर हबल दुर्बिणीचा दाखला दिला होता. तिच्या वेळेसाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, वेळ असतो त्याच्या कितीतरी पट मागणी येते, समित्या बसून क्रम लावतात. पण तरीही थोडा वेळ कुणालाच न वाटता संचालकाच्या हातात ठेवलेला असतो. १९९५ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स ह्यांनी आपल्या कोट्यातले जवळजवळ १० दिवस दुर्बीण सप्तर्षींमधल्या एका ठिपक्याएवढ्या, काहीच दिसत नाही अशा जागेकडे रोखून धरली. त्यातून काही हाती लागेल का ह्याबद्दल जाणकारांनाच शंका होती. ३४२ फोटो जोडून जे चित्र तयार झालं त्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. तो वेळ एरवी कुठल्या अर्जदाराला मिळाला असता का? मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर एक साहेब म्हणाले, आपण काय दुर्बीण विकतो का. ठीक आहे. पण मी तेव्हापासून 'रिकामा' शब्द सोडला आणि 'न वाटलेला' म्हणायला लागले, आणि आश्चर्य म्हणजे न वाटलेले १५ टक्के मंजूर झाले. रिकामे १५ कधीच झाले नसते.

आता सर्व्हरची गोष्ट सांगते, कारण सगळा दोष काही माणसांना टक्क्यांत कापण्याचा नाही. आमच्याकडे रिलीजच्या आधी तपासायला एकच स्टेजिंग सर्व्हर होता. एका वेळी एकच टीम. ज्याच्या हाती ससा तो पारधी. एके दिवशी दुपारी तो सर्व्हर सगळ्यात खालच्या नंबरच्या प्रोजेक्टकडे होता, एक साधा अंतर्गत रिपोर्ट, तासाभराचं काम उरलेलं. तेवढ्यात मधल्या नंबरच्या प्रोजेक्टने त्यांची टेस्टर उचलून नेली, कारण प्रायॉरिटी आमची वरची, बरोबरच आहे. ती गेली, सर्व्हर तसाच अडकलेला, अर्धवट डेटा भरलेला, दुसऱ्या कुणाला हात लावता येईना. आणि एक नंबरच्या प्रोजेक्टचं, ज्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज, ते अख्खं टोळकं सर्व्हर सुटायची वाट बघत बसलेलं. तीन तास! गंमत म्हणजे प्रत्येकाने नियम पाळला होता. वरच्याने खालच्याला बाजूला केलं, नेहमीसारखं. आणि त्यात सगळ्यात वरचाच बुडाला.

त्या रात्री मी चिडून हेच शोधत बसले, आणि कळलं की हा आजार मंगळापर्यंत पोचलेला आहे. १९९७ च्या जुलैमध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. कारण डिट्टो आमचंच. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या नंबरचं काम एका सामायिक गोष्टीला कुलूप लावून बसायचं, मधल्या नंबरची कामं येऊन त्याला बाजूला ढकलायची, कुलूप तसंच राहायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्या कुलपाशी ताटकळत उभं. मग राखणदार घड्याळाला वाटायचं काहीतरी गंडलंय, आणि तो सगळं बंद करून पुन्हा चालू करायचा. पृथ्वीवरून त्यांनी जी दुरुस्ती पाठवली ती ऐकायला विचित्र पण फार सुंदर आहे: ज्याच्या हातात कुलूप आहे आणि ज्याच्यासाठी मोठा खोळंबलाय, त्या छोट्याला कुलूप सोडेपर्यंत मोठ्याचाच नंबर द्यायचा.

आम्ही ते जसंच्या तसं उचललं. सर्व्हर ज्याच्याकडे, त्याचा माणूस कुणीही हलवायचा नाही, उलट एक नंबरवाल्यांनी जाऊन त्याला हात लावायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमचा सगळ्यात महागडा आर्किटेक्ट एका इंटर्नशेजारी बसून अंतर्गत रिपोर्टचे तारखांचे फॉरमॅट सुधारत होता. लोक फोटो काढत होते. चाळीस मिनिटांत सर्व्हर सुटला.

ह्याच्याच भावंडासारखा दुसरा प्रकार पण आम्ही भोगला, एकाकडे सर्व्हर आणि तो डीबीएंची वाट बघतोय, दुसऱ्याकडे डीबीए आणि तो सर्व्हरची वाट बघतोय, दोघेही आपापली वस्तू घट्ट धरून. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. त्यावर उपाय सोपा निघाला, आधी डीबीए घ्यायचे, मगच सर्व्हर, क्रम सगळ्यांना एकच. जास्त सांगण्यासारखं काही नाही त्यात.

मागणी फुगवणं मात्र कुठल्याही सूत्राने सुटत नव्हतं. दोन माणसं हवी असली की चार मागायची, कारण मी अर्धी कापणार हे त्यांना माहीत, आणि ते दुप्पट मागतात हे मला माहीत. गॅरेट हार्डिन ह्यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन हेच लिहिलं होतं, प्रत्येक जण आपलं आणखी एक जनावर सोडतो आणि कुरण संपतं. मला ते वर्णन तंतोतंत पटायचं. पण नंतर एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांच्याबद्दल वाचलं, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्यांनी मासेमारी, जंगलं, पाण्याचे कालवे असे खरेखुरे सामायिक साठे पाहिले आणि दाखवलं की कितीतरी ठिकाणी लोक आपसात नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, चुकणाऱ्याला आधी हलकी शिक्षा देतात, आणि कुरण टिकतं. हे वाचताना मला चरचरलं, कारण आमच्याकडे पाच गुराखी एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. प्रत्येक जण वेगवेगळा माझ्याशी बोलायचा, बंद दाराआड.

म्हणून सोमवारी पंधरा मिनिटं, पाचही जण एका खोलीत, फळ्यावर एकाखाली एक नावं, टक्के नाहीत, फक्त क्रम. क्रम त्यांनी लावायचा, मी फक्त खडू धरणार. पहिल्या सोमवारी पंधराची पन्नास मिनिटं झाली आणि दोघे एकमेकांशी दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या सोमवारी जरा बरं. चौथ्या सोमवारी मी पोचायच्या आधीच दोघांनी आपापले नंबर अदलाबदल केले होते, एकाचा क्लायंट तसाही सुट्टीवर होता, जे मला सात जन्मात कळलं नसतं. आणि माझ्यासमोर चार माणसं मागणारा, बाकीच्या चौघांसमोर दोनच मागायला लागला, कारण त्यांना त्याच्या कामाची खडान्‌खडा माहिती.

सगळं गोडगोड झालं असं नाही हं. बळी तो कान पिळी हे फळ्यावर पण चालतंच. पाचव्या नंबरचं प्रोजेक्ट दोन महिने पाचवंच राहिलं, दर सोमवारी कुणाचं तरी काहीतरी पेटलेलं असायचं आणि तो बिचारा मान डोलवायचा. शेवटी नियम करावा लागला की दोनदा मागे सरकलेला तिसऱ्यांदा सरकणार नाही. (कॉम्प्युटरच्या आत पण अशीच सोय असते म्हणे, जितकं थांबलास तितका तुझा नंबर वर. मशीनला जे आधीच सुचलं ते आम्हाला एका माणसाचा राजीनामा यायची वेळ आल्यावर सुचलं.)

आणि एक राहिलंच, रजा. डीबीएंनी आठ दिवसांची रजा टाकली तेव्हा पाचही जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं, नेमकी त्याच आठवड्यात का? व्हॉयेजर २ यानाला आज्ञा पाठवू शकेल अशी पृथ्वीवर एकच अँटेना आहे, कॅनबेराची ७० मीटरची. मार्च २०२० मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद केली ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत, एखाददुसऱ्या चाचणीचा संदेश सोडला तर इतके महिने यानाशी फक्त ऐकायचं नातं, बोलायचं नाही. एवढ्या लांब गेलेल्या यानाच्या बाबतीत ती जोखीम घेतली, कारण अँटेना कधीतरी दुरुस्त करावी लागणारच. आमच्याकडे आठ दिवसांवर पाच मेल.

दुसरा माणूस तयार करा, हे सगळे म्हणतात. तयार कोण करणार? तेच डीबीए. कुठल्या वेळात? त्याच १०० मधल्या. मी फळ्यावर सहावी ओळ लिहिली, 'शिकवणे'. तिच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कुणी मॅनेजर नव्हता, त्यामुळे ती ओळ तळाशी जाऊन बसली, आणि दोनदावाल्या नियमाने वर यायला तिलाही वाट बघावी लागली. आता एक मुलगी शिकतेय, गुरुवारी दुपारी. बरी शिकतेय.

हे सगळं लिहून मी फार शहाणी झालेय असं वाटेल, म्हणून मागच्या आठवड्याचं सांगून टाकते. सहावा प्रोजेक्ट आला, वरून फोन, सोमवारपर्यंत थांबायला वेळ नाही, फक्त थोडासा वेळ हवाय डीबीएंचा, अगदी थोडासा. मी शीट उघडलं, फळ्याचा फोटो बाजूला उघडा होता, त्यात सहाव्याला जागा नव्हती. फोनवरचा आवाज वाट बघत होता. मी चौकोनात १० लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आले, खुर्ची न ओढता उभ्या उभ्याच स्क्रीनकडे बघितलं.

"रोजची अठ्ठेचाळीस मिनिटं ना?"

मी हो म्हटलं.